चटईची कुळकथा

‘चटई’ म्हटले की उन्हाळ्यातील दुपार, सारवलेली ओसरी आणि उशाशी घेतलेला हात एवढेच डोळ्यांसमोर यावे. परंतु महापालिकेच्या बांधकाम खात्यात हाच गरीब शब्द ‘क्षेत्र’ आणि ‘निर्देशांक’ या दोन संस्कृत सोबत्यांसह वावरू लागला, की त्याच्या अंगावर कोट्यवधींचे व्यवहार पहुडतात. भूखंड पाचशे चौरस मीटरचा आणि निर्देशांक 1 असेल, तर सर्व मजले मिळून पाचशे चौरस मीटरच बांधायचे, 4 असेल तर दोन हजार, एवढाच खरे तर त्याचा हिशेब. घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेलाही चटईक्षेत्रच म्हणतात, निर्देशांकाच्या हिशेबात मात्र भिंतींची जाडीही धरली जाते. त्यामुळे या दोन चटयांची गल्लत करून पस्तावलेली गिऱ्हाइके थोडी नसावीत.

या निर्देशांकाचे पूर्वज शोधू गेल्यास प्लेगपर्यंत मागे जावे लागते. 1896 साली मुंबईत ती साथ उद्भवली, तेव्हा उजेड न शिरणाऱ्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या अंमलदारांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा कायदा आग्रहाने पुढे आणला: भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात वर काढलेल्या रेषेला समोरच्या इमारतीने छेदू नये, म्हणजेच समोर जेवढी मोकळी जागा असेल, तिच्या दुपटीहून उंच बांधू नये. आकाशाचा तुकडा कोनमापकाने मोजून देणारा हा नियम मला नंतरच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा अधिक माणुसकीचा वाटतो.

पुढे 1964 च्या सुमारास मुंबईत निर्देशांक आला, आणि 1991 च्या नियमावलीत शहर बेटाला 1.33 व उपनगरांना 1 असा त्याचा दर ठरला. हेतू गर्दीला आवर घालण्याचा होता. मात्र उपनगरात स्थानकाच्या दारातील भूखंड आणि खाडीकाठचा भूखंड यांना एकाच मापाने तोलल्यामुळे, 1853 पासून रुळांना लगटून वाढत आलेल्या या शहराचा स्वभाव नियमावलीच्या गावीही नव्हता, असे म्हणावे लागते. गंमत अशी की, स्थानकाभोवती चालत जाण्याच्या अंतरात दाट वस्ती वसवावी, हा विचार पीटर कॅल्थॉर्प यांनी 1993 साली पुस्तकरूपाने मांडला, तो मोटारींनी पांगवलेल्या अमेरिकेसाठी. दादर-पार्ल्याच्या रहिवाशाला तो कोणी शिकवावा लागला नव्हता.

नागपूर आणि पुण्याच्या मेट्रोने मात्र तो दप्तरी दाखल करून घेतला. नागपुरात मेट्रोमार्गालगतच्या आणि पुण्यात स्थानकांभोवतीच्या 500 मीटरच्या टापूत निर्देशांक 4 पर्यंत नेण्याची मुभा मिळाली. अर्थात रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे आकारमान पाहून, आणि वाढीव बांधकामाबद्दल अधिमूल्य भरून घेऊन. गर्दी थोपवण्यासाठी जन्मलेला आकडा गर्दीला आवतण देऊ लागला, तो असा. पुण्यात मेट्रो धावू लागली ती मार्च 2022 मध्ये. पण नकाशावर स्थानकाच्या मध्यबिंदूवर परकार टेकवून वर्तुळे त्याआधीच काढली गेली होती, आणि परकाराला गल्लीबोळ कळत नसल्यामुळे, एकाच बोळातील समोरासमोरच्या दोन घरांपैकी एक त्या रेषेच्या आत राहते, दुसरे बाहेर.