आठ बाय आठचं घर

पडद्यावरचा पिवळा शिपाई हिरव्या झाडाजवळ आला, की झाडाचा चौकोनी तुकडाच पिवळा व्हायचा. शिपाई पुढे गेला, की झाड पुन्हा हिरवं. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक आणला, तेव्हा हा डागही सोबत आला. नागपुरात धंतोलीतल्या मावसभावाकडे तो होता. टीव्हीच बिघडलाय असं वाटून काका मागची बटणं पिळत बसायचे.

टीव्ही धडधाकट होता. डागाचा जन्म इंग्लंडातला, सिंक्लेअर कंपनीच्या काटकसरीतला. एप्रिल 1982मध्ये आलेल्या मूळ झेडएक्स स्पेक्ट्रमच्या स्वस्त मॉडेलात मेमरी अवघी 16 किलोबाइट, आणि पडद्यावर ठिपके आडवे 256, उभे 192. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा तर नुसत्या चित्रालाच 24 किलोबाइट हवे होते! म्हणून ठिपका पेटलेला की विझलेला एवढंच एका जागी नोंदवलं आणि रंग ठेवले वेगळे. पडद्याची 32 गुणिले 24 घरं पाडली. आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक घराच्या वाट्याला एकच बाइट. त्यातले तीन बिट शाईच्या रंगाचे, तीन कागदाच्या रंगाचे, एक झळाळीचा, एक उघडझापेचा. सगळं चित्र 6,912 बाइटांत मावलं. पण एका घरात रंग दोनच. झाडाच्या घरात शिपायाचा पाय पडला, की शाईचा रंग बदलायचा आणि तिथली पानंही त्याच रंगाची व्हायची.

मला या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती रंगांचे क्रमांक. काळा 0, निळा 1, लाल 2, जांभळा 3, हिरवा 4, आकाशी 5, पिवळा 6, पांढरा 7. हा चढत्या उजेडाचा क्रम आहे. आपल्याकडे तेव्हा कितीतरी घरांत टीव्ही कृष्णधवल असायचा; त्यावरही हे आठ रंग गडदाकडून फिक्याकडे जाणाऱ्या आठ राखाडी छटा होऊन वेगवेगळे ओळखू यायचे.

खेळ लिहिणाऱ्यांनी मग या घरांशी जुळवून घेतलं. कुणी पात्रं घरांच्या मापात बसवून एकेक घर सरकवली. 1984च्या ‘नाइट लोअर’मध्ये तर अख्खी खोली एकाच रंगात रंगवली, आणि दगडी ठोकळ्यांच्या आडून चालणारा माणूस एकही डाग न पाडता पलीकडे जाऊ लागला.