सौर ऊर्ध्वपातन आणि घरगुती पेयजल : चंद्रपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत होय. या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. बाष्पित्रात जाणारे पाणी तेथे आधी क्षारमुक्त करावे लागते. कारण अल्प क्षारांनीही नळ्यांवर पुटे चढतात आणि यंत्राची हानी होते. याच जिल्ह्याच्या काही भागांत मात्र हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपलीकडे आढळले आहे. यंत्रासाठी अपरिहार्य ठरलेली शुद्धता माणसाच्या घागरीपर्यंत अल्प खर्चात कशी पोहोचवावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सौर ऊर्ध्वपातन हे त्याचे एक उत्तर म्हणून सुचविले जाते. ते कितपत खरे, याचा निर्णय या पद्धतीच्या इतिहासावरून करता येतो.

प्रथम प्रश्न कसा उद्भवला ते पाहू. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आणि उघड्या विहिरी हा पाण्याचा जुना आधार होता. उघड्या पाण्यातून पटकी, हगवण, नारू यांसारखे रोग पसरत. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींच्या कामास वेग आला. सोलापूर व जालना येथे घडविलेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क-२’ हा पंप सिद्ध झाला. रोगजंतूंच्या दृष्टीने हे खोलवरचे पाणी निश्चितच सुरक्षित होते. परंतु खडकातील खनिजांच्या दीर्घ सहवासाने त्यात काही ठिकाणी फ्लोराइड उतरलेले असते. अशा पाण्याने दात व हाडे विकृत होतात, हे मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात १९३७ सालीच नोंदले गेले होते. हे पाणी दिसण्यात स्वच्छ असते. ते उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते तसतसे त्याचे प्रमाण वाढतेच. एका व्याधीवरील उपायातून दुसरी व्याधी उद्भवली, ती अशी.

ऊर्ध्वपातनाने हा दोष दूर होतो, कारण वाफ फ्लोराइड मागे ठेवून निघते. सूर्याच्या उष्णतेने हे कार्य मोठ्या प्रमाणावर प्रथम १८७२ साली चिलीतील लास सालिनास येथे, सोरा-खाणींच्या प्रदेशात झाले. तेथे सुमारे ४,५०० चौरस मीटर काचेखाली अतिशय खारट पाणी तापवून दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी मिळू शके. याच सुमारास, १८७८ साली, मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स यांनी उष्ण देशांत इंधनाऐवजी सौर उष्णता वापरावी असे प्रतिपादणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात मारिया टेलकेस यांनी समुद्रात अडकलेल्या सैनिकांसाठी प्लास्टिकचे फुगविता येणारे ऊर्ध्वपातक तयार केले. आपल्या देशात या विषयाचा अभ्यास मुख्यतः भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत झाला. तिच्या प्रयत्नाने १९७८ साली जवळच्या अवाणिया गावी दररोज सुमारे ५,००० लिटर क्षमतेचे संयंत्र उभे राहिले.

हे प्रयत्न पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. येथे पाण्याचे मोजमाप वस्तुतः काचेच्या क्षेत्रफळाचे मोजमाप असते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी १८ मेगाज्यूल ऊन पडते असे धरले आणि त्यातील चाळीस टक्के कारणी लागले, तर हाती तीन लिटर पाणी येते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यापुरते बारा लिटर हवे असल्यास चार चौरस मीटर काच लागेल. हा खर्च सामान्य घरास जड आहे.

तथापि सर्वच पाणी ऊर्ध्वपातित असण्याची आवश्यकता नाही. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅम असावे. अन्य स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालते. हातपंपाच्या पाण्यात ते ३ मिलिग्रॅम असेल, तर दोन भाग ऊर्ध्वपातित पाण्यात एक भाग मूळ पाणी मिसळल्यास १ ही मर्यादा साधते. मग आठच लिटर पुरतात आणि क्षेत्रफळ तीन चौरस मीटरांच्या आत येते. शिवाय पाण्याची चव व काही क्षारही टिकतात. अर्थात हे मिश्रण तपासणीनंतरच करावयाचे असते.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘नालगोंडा’ पद्धती याहून स्वस्त आहे. तीत चुना, तुरटी व विरंजक चूर्ण वापरतात. परंतु तुरटीची मात्रा पाण्यागणिक ठरवावी लागते आणि गाळाची विल्हेवाटही लावावी लागते. सौर पेटीस रसायन लागत नाही. मात्र काच पुसणे, सांधे वाफबंद राखणे, साचलेले क्षार काढणे ही कामे नित्याची असतात. पावसाळ्यात उत्पन्न घटते. त्या दिवसांत त्याच काचेवरून पावसाचे पाणी धरता येते.

सारांश, सौर ऊर्ध्वपातन गावाच्या एकूण पाणीपुरवठ्याची जागा घेऊ शकत नाही. धुणे, न्हाणे, गुरे यांसाठी हातपंपाचे पाणी उपयोगी आहेच. सूर्याकडून मागावयाचे ते पिण्यापुरते, आणि त्यातही आधी वाढत्या वयाच्या मुलांसाठी. कारण दात घडत असताना झालेला विकार पुढे सुधारत नाही. बाष्पित्राच्या पाण्याची जी नियमित तपासणी आपण आवश्यक मानतो, तीच प्रत्येक हातपंपास लाभली पाहिजे. त्यावाचून कोणतीही पेटी कोठे ठेवावी, हे ठरविता येणार नाही.