सुटकेची वाट

परवां एक जुने स्नेही संध्याकाळीं घरीं आले. त्यांचा धाकटा मुलगा सैन्याच्या शिक्षण-केंद्रांत दाखल झाला होता. शरीर साथ देईना म्हणून त्याला मुक्त करण्याचें ठरलें. परंतु ठरून महिने लोटले तरी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत आहे, आणि मुलगा तेथेंच आहे. "भरतीला एक दिवस पुरला, सोडायला इतके महिने कां लागावे?" हा त्यांचा प्रश्न. मजजवळ उत्तर नव्हतें. इतिहासाच्या शिक्षकाजवळ असते तशी एक जुनी हकीकत मात्र होती.

११ नोव्हेंबर १९१८ रोजीं पहिलें महायुद्ध थांबलें, त्या वेळीं ब्रिटिश सैन्यांत पस्तीस लाखांहून अधिक माणसें होतीं. सर्वांस एकदम सोडावें तर त्यांना रोजगार कोठून द्यावा, आणि तह होईपर्यंत जर्मनीवर पहारा कोणीं ठेवावा? या अडचणी खोट्या नव्हत्या. म्हणून सरकारनें अशी योजना आंखली होती, कीं ज्यांच्यावांचून उद्योगधंदे सुरू होणार नाहींत त्यांस प्रथम सोडावें, आणि मागोमाग ज्यांची नोकरी तयार आहे त्यांस. कागदावर योजना निर्दोष होती. पण धंद्यांत ज्याची जागा अद्याप राखलेली होती, तो बहुधा अगदीं अलीकडे भरती झालेला असे. १९१४ सालीं स्वखुषीनें गेलेल्याला त्याचा धनी केव्हांच विसरला होता. म्हणजे जो शेवटीं गेला तो आधीं घरीं, आणि जो आधीं गेला तो शेवटीं!

३ जानेवारी १९१९ रोजीं फोकस्टन बंदरांत, रजा संपवून फ्रान्सला निघालेल्या हजारों शिपायांनीं जहाजावर चढण्याचें नाकारलें. त्याच महिन्यांत युद्धमंत्री झालेल्या चर्चिलसाहेबांनीं योजना फिरविली. १९१६ पूर्वीं भरती झालेले, वयस्क, आणि वारंवार जखमी झालेले यांस आधीं सोडावें. उरलेल्यांस वाढीव पगारावर ठेवावें, असें ठरलें.

न्याय झाला खरा. पण त्याची किंमत अठरा-एकोणीस वर्षांच्या नवशिक्यांनीं दिली. युद्ध थांबलें तेव्हां जे इंग्लंडांतील छावण्यांत कवाईत शिकत होते, ज्यांनीं बंदुकीचा आवाज केवळ सरावाच्या मैदानावर ऐकला होता, अशा पोरांच्या पलटणी ऱ्हाईन नदीकांठीं पहाऱ्यास रवाना झाल्या. लढाई संपली म्हणून ज्या आईनें सुटकेचा श्वास टाकला, तिनेंच आतां मुलाला निरोप द्यावा! सक्तीनें भरती केलेल्यांस एप्रिल १९२० पर्यंत ठेवून घेण्याचा अधिकारही सरकारनें कायद्यानें मिळविला.

याहून करुण प्रकार उत्तर वेल्समधील किन्मेल पार्क छावणीत घडला. तेथें हजारों कॅनेडियन शिपाई घरीं नेणाऱ्या जहाजांची वाट पाहत होते. जहाजें अपुरीं, थंडी कडक, इन्फ्लुएन्झाची सांथ चालू, आणि निघण्याच्या तारखा पुनःपुन्हां पुढें ढकलल्या जात होत्या. मार्च १९१९ मध्यें तेथें दंगल उसळली व पांच जण मरण पावले. युद्ध संपून चार महिने होत आले होते.

या हकीकतींतून मला एकच गोष्ट दिसते. विलंबामागें दुष्टपणा क्वचितच असतो. अडचणी बहुधा खऱ्याच असतात, आणि कारण समजलें तर माणूस त्या सोसतोही. परंतु शब्द देऊन तो फिरविला, किंवा मुळींच शब्द दिला नाहीं, तर एक एक दिवस जड होतो. राज्याला माणूस बोलावण्याचा हक्क असेल, तर तो केव्हां परत मिळेल हें सांगण्याचें कर्तव्यही त्या हक्काबरोबरच येतें.

स्नेही बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं माझ्याकडून कागद मागून घेतला व तेथेंच अर्ज लिहिला. त्यांत तक्रारीचा एकही शब्द नव्हता; केवळ एक तारीख मागितली होती.