सर्व्हरवरील पुनर्निर्देशित फोल्डर आणि फाइल-शोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकावरील मजकूर कोठे साठवावा आणि तो पुन्हा कसा शोधावा, हे दोन प्रश्न कार्यालयीन संगणकीकरणाच्या इतिहासात स्वतंत्रपणे सोडविले गेले. त्यातून उद्भवलेल्या अडचणीचा, विंडोज प्रणालीच्या संदर्भात, प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

साठवणुकीचे केंद्रीकरण :
१९८० च्या दशकात नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअरसारख्या प्रणालींमुळे एकाच सर्व्हरवरील फाइली अनेक संगणकांना वापरता येऊ लागल्या. तरीही ‘माय डॉक्युमेंट्स’ हा फोल्डर सामान्यतः ज्या त्या यंत्राच्या हार्ड डिस्कवरच राही. डिस्क बिघडली की मजकूरही जाई. २००० साली आलेल्या ‘विंडोज २०००’ मध्ये ‘ग्रुप पॉलिसी’द्वारे हा फोल्डर सर्व्हरवर वळविण्याची सोय झाली. वापरकर्त्यास तो पूर्वीच्याच जागी दिसे, फाइली मात्र सर्व्हरवर असत. त्यामुळे बॅकअप एकाच ठिकाणी घेणे शक्य झाले.

शोधाचे स्थानिक स्वरूप :
२००४ मधील गूगल डेस्कटॉप, २००५ मधील अ‍ॅपलचे स्पॉटलाइट आणि त्यानंतरचे विंडोज व्हिस्टा यांनी आधीच तयार केलेल्या सूचीवरून शोध घेण्याची पद्धत रूढ केली. ही सूची प्रामुख्याने स्थानिक डिस्कवरील फाइलींची असे. ग्रंथ दुसऱ्या इमारतीत हलवावेत आणि तालिका मात्र जुन्याच दालनाची राहावी, तशी ही स्थिती होती.

विंडोज एक्सपीपासून पुनर्निर्देशित फाइलींची ‘ऑफलाइन’ प्रत यंत्रावर आपोआप ठेवली जाऊ लागली. व्हिस्टामध्ये या प्रतीचीही सूची होत असे. परंतु प्रशासकाने ही सोय बंद केल्यास हा आधार तुटे. विंडोज ७ मध्ये सूचीबाह्य ठिकाणी मूळ मांडणीनुसार केवळ फाइलींच्या नावांचा शोध होई. परिणामी, आतील मजकुरावरून शोधलेली फाइल अस्तित्वात असूनही सापडत नसे आणि ती हरवली असा समज होणे स्वाभाविक होते.

उपाययोजना :
२००८ च्या विंडोज सर्व्हरमध्ये ‘विंडोज सर्च’ सेवा सर्व्हरवरच बसविण्याची सोय होती. सामायिक फोल्डर तेथील सूचीत घेतल्यास वापरकर्त्याचे यंत्र त्या सूचीस विचारणा करू शके. वाचनाचा अधिकार नसलेल्या फाइली निकालातून वगळल्या जात. २००९ मधील विंडोज ७ च्या ‘लायब्ररी’त सूची अथवा ऑफलाइन प्रत नसलेला नेटवर्क फोल्डर स्वीकारलाच जात नसे. म्हणून दोष शोधताना फोल्डरचे प्रत्यक्ष स्थान, ऑफलाइन प्रत, सर्व्हरवरील सूची आणि वाचनाधिकार हा क्रम उपयुक्त ठरतो.

समारोप :
केंद्रीकरणाने मजकूर सुरक्षित झाला, पण तो सापडेलच याची हमी मिळाली नाही. अभिलेखांच्या स्थलांतरासोबत त्यांच्या सूचीचेही नियोजन आवश्यक असते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. महाविद्यालयीन कार्यालयांच्या संगणकीकरणातही हा विचार प्रारंभीच होणे इष्ट आहे.