खानदेशातलं सिव्हिल

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याची फाळणी झाली. पूर्वेचा कारभार जळगावहून, पश्चिमेचा धुळ्याहून चालू लागला. आजारी माणसाला मात्र दोन्हीकडे एकच वाट ठाऊक झाली, सिव्हिलची.

धुळ्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, पण प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ काही आला नाही. मार्च २०१७ मध्ये डोक्याला मार लागलेला एक रुग्ण तिथे आणला गेला. मेंदूचा शल्यचिकित्सक नसल्यानं ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरनं त्याला दुसरीकडे हलवायला सांगितलं. जमावानं त्या डॉक्टरलाच झोडपलं आणि त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. काही दिवसांतच राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. रिकाम्या पदाचा राग एका तरुण डॉक्टरवर निघाला, हा सरळ अन्याय होता.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्चायला सांगितलं होतं. मुदत २०२०ची. महाराष्ट्र तिथवर पोचला नाही, कोरोना मात्र पोचला.

जळगावच्या सिव्हिलला २०१८ मध्ये महाविद्यालय जोडलं गेलं होतं. जून २०२० मध्ये तिथून बेपत्ता झालेल्या एका वृद्ध रुग्ण महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. इतके दिवस ते दार कुणी उघडलं नाही, यात निष्काळजीपणा होताच. पण साफसफाईला आणि वॉर्डात फिरायला पुरेशी माणसं नेमण्याची जबाबदारी निलंबनानं संपत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्या निर्णयाबाहेर राहिली. धुळे आणि जळगावची महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं, दोन्ही त्यातलीच.