दोस्ताला लिहिलेले खत

सीताबर्डीचा किल्ला आपण येता-जाता पाहतो. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची येथे इंग्रजांशी लढाई झाली, हे विद्यार्थी पाठ करतात. परंतु त्या रात्री साध्या शिपायाच्या मनात काय चालले असेल? राजांचे तह दप्तरात राहतात. शिपायाचे मन राहते ते त्याच्या पत्रात, आणि तेही पत्र कोणी जपले तर.

असा एक ठेवा पहिल्या महायुद्धाने मागे ठेवला आहे. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी पलटणी आगबोटीने फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या. हिंदू, मुसलमान, शीख, गुरखे असे सारे त्या परक्या थंडीत व चिखलात लढले. त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. लिहिणारा सोबती गाठून ते मजकूर सांगत. पुढे ते खत सेन्सॉरच्या कचेरीत उघडले जाई. म्हणजे दोन जिवलग मित्रांमध्ये लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि गावी वाचून दाखवणारा तिसरा!

तरीही माणसे मनातले बोललीच. घरी खुशाली कळवावी. पण भाऊ किंवा दोस्त यांना मात्र बजावावे, की भरती होऊ नकोस. सेन्सॉरला चुकवण्यासाठी युक्त्याही होत्या. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असे कोणी लिही. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरनेही हे ओळखले होते.

पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. फ्रान्समधील खेड्यांत बायका लिहितात, वाचतात, व्यवहार सांभाळतात, हे या शिपायांनी पाहिले. मग काहींनी घरी कळवले, की आपल्या मुलींना शाळेत घाला. स्वतः निरक्षर राहिल्याचे दुःख ज्याने भोगले, त्याची ही कळकळ होती.

आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत या पत्रांचे जे उतारे आहेत, ते मुख्यतः सेन्सॉर कचेरीने केलेल्या इंग्रजी भाषांतरात. आपल्याच माणसांचे बोल आपण परक्याच्या शब्दांत वाचतो. ज्याच्या हाती लेखणी, त्याचेच शब्द मागे उरतात.

मी वर्गात विचारतो, कोणाच्या घरी आजोबांचे पत्र आहे? एखाददुसराच हात वर येतो. विद्यार्थी मित्रांनो, या सुटीत घरातील जुनी पेटी उघडा. उर्दू, मराठी, मोडी, जे सापडेल ते वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या, तारीख व नाव टिपा आणि उतरवून ठेवा. आणि एक पत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत, आपल्या दोस्ताला लिहा. त्या शिपायांना जे साधले नाही, ते तुम्हाला साधते आहे. त्याची कदर करा.