एका खुर्चीवर तिघांचं काम

ड्रम किटचा इतिहास म्हणजे माणसं कमी करण्याचा इतिहास, असं मी म्हटलं की माझे ड्रमर मित्र चिडतात. पण बघा.

एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एकाकडे, स्नेअर दुसऱ्याकडे आणि झांजा तिसऱ्याकडे असायच्या. अमेरिकेत हेच वादन नाचघरांत आणि नाट्यगृहांत शिरलं. तिथे जागा कमी आणि मालकाची पैसे द्यायची तयारीही कमी. मग एकच जण ढोल आणि स्नेअर जवळ ठेवून दोन्ही वाजवू लागला. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविगनं पायानं चालणाऱ्या पेडलचं पेटंट घेतलं. ढोल पायाकडे गेला, हात मोकळे झाले. त्यात तुर्की झांजा आल्या, चिनी टॉम-टॉम आले, १९२०च्या दशकात हाय-हॅट आला. न्यू ऑर्लिन्सच्या बेबी डॉड्ससारख्या कृष्णवर्णीय वादकांनी या जमवाजमवीतून एक वाद्य घडवलं. १९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटांना साथ देणारे असंख्य ड्रमर घरी बसले.

आपल्याकडे हा ठेका हिंदी सिनेमानं घरोघर नेला. अमरावतीत जन्मलेल्या मास्टर भगवान यांचा ‘अलबेला’ १९५१चा. संगीत सी. रामचंद्रांचं, आणि पडद्यावर गोव्याचे चिक चॉकलेट आपल्या वादकांसह दिसतात.

वऱ्हाडातली वरात मात्र चालती. चालताना किटवर बसणार कसं? म्हणून अकोला-अमरावतीच्या बँड पार्टीत ढोल, साइड ड्रम आणि झांजा वेगवेगळ्या माणसांकडेच राहिल्या. मग १९८५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड आला. एका पाटीवर आठ पॅड. तो चाकांच्या गाडीवर बसवला की वरातीतही एकाच्या हातात सगळे आवाज. त्यानंतर डीजे आला आणि तो एकही हात लागेनासा झाला.

हे नुकसानच आहे, असं मी सरसकट म्हणणार नाही. गावात डफडं कुणी वाजवायचं हे जातीनं ठरवलेलं होतं. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेक महार कुटुंबांनी गावकीची कामं सोडली, त्यात दुसऱ्याच्या दारी वाजवणंही होतं. लादलेलं वाजवणं सुटलं ते बरंच झालं. पण ज्यानं स्वतःहून साइड ड्रम गळ्यात घातला आणि लगीनसराईवर वर्षाचं घर चालवलं, त्याचं काम जातं तेव्हा त्याला कुणी विचारत नाही.

वरातीत साइडवाल्याकडे लक्ष द्या. त्याची नजर नाचणाऱ्याच्या पायांवर असते. पोरगं दमलं की तो चाल उतरवतो, मामा पुढे आला की चढवतो. स्पीकरला हे दिसत नाही. तुम्ही किट शिकत असाल तर क्लासची फी भराच, पण या लगीनसराईत एक तास त्याच्या शेजारून चाला. आणि निघताना त्याची बिदागी विसरू नका.